उत्तरेला डोकं आणि रक्तातलं लोह

‘उत्तरेकडे डोकं करून झोपू नका. डोकं हा शरीराचा उत्तर ध्रुव. पृथ्वीच्या उत्तर ध्रुवाशी प्रतिकर्षण होतं, रक्तातलं लोह मेंदूत चढतं.’ हा मेसेज बहुतेकदा काळजीपोटीच पाठवला जातो. परंपरा म्हणून दिशा पाळणं वेगळं. इथे कारण तेवढं तपासू.

लोखंडाचा प्रत्येक अणू इवलासा चुंबक असतो. असंख्य अणू एकाच दिशेला तोंड करून राहिले, की ध्रुव तयार होतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह मात्र प्रथिनात सुटंसुटं अडकलेलं असतं, ते अशी रांग धरत नाही. म्हणजे डोक्याला ध्रुवच नाही. शिवाय होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे ओढलं जातं, कारण चुंबकीयदृष्ट्या तिथे दक्षिण ध्रुव आहे! मेसेजच्याच हिशेबाने आकर्षण व्हायला हवं.

एमआरआय यंत्राचं 1.5 टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या निदान 20 हजार पट असतं. तिथेही रक्त डोक्यात चढत नाही.

घरी बघायचं तर साधं होकायंत्र टेबलावर ठेवा. केसांतल्या पिना, चष्मा काढून डोकं सुईजवळ न्या: सुई जागची हलत नाही. मग लोखंडी कात्री जवळ आणा, सुई लगेच वळते.