विदर्भातील ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्या आणि परदेशी पाहुणे: पार्श्वभूमी

हिवाळा लागला की परदेशातील चर्चांचे छोटे गट विदर्भातील खेड्यांमधल्या मंडळ्यांना, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती उपासक समूहांना, भेटायला येतात. पाहुणे दोन-चार दिवस राहतात, उपासनेला बसतात, दवाखाना किंवा शाळा पाहतात आणि परत जातात. एका खेड्यातील मंडळीचा संबंध अमेरिकेशी आणि शेजारच्या जिल्ह्यातील मंडळीचा स्कॉटलंडशी का, हा प्रश्न गावातल्या तरुणांनाही पडतो. त्याचे उत्तर शोधायचे तर पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ मध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले आणि त्याच्या वतीने स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. तेव्हा नागपूर भोसल्यांचे होते. तिसरे रघुजी १८५३ च्या अखेरीस निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झाले. त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. विदर्भाची दोन्ही अंगे अशी जवळपास एकाच वेळी कंपनीकडे गेल्यामुळे मिशनांचा मार्ग मोकळा झाला, हे मान्य केलेच पाहिजे. हिस्लॉप मात्र केवळ सत्तेच्या आश्रयाने राहिलेले गृहस्थ नव्हते. त्यांनी या भागातील खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंड समाजाविषयी बारकाईने टिपणे केली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना बोरीजवळच्या नाल्याला आलेल्या पुरात ते बुडाले. त्यांची गोंडांवरील टिपणे पुढे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १८८३ मध्ये नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले.

त्यानंतर आलेल्या मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात शिरायचे नाही, असा संकेत पाळला आणि प्रदेश वाटून घेतले. नागपूर, भंडारा आणि वर्ध्याकडे स्कॉटिश मिशन, चंद्रपुरात स्कॉटलंडचेच एपिस्कोपल चर्च, यवतमाळकडे अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट, अमरावती, अकोला आणि खामगावकडे अमेरिकेतीलच अलायन्स मिशन, तर अचलपूर आणि मेळघाटात कोरकू आदिवासींसाठी निघालेले स्वतंत्र मिशन अशी सर्वसाधारण रचना झाली. कोणते गाव कोणत्या पंथाचे, हे गावकऱ्यांच्या निवडीपेक्षा या वाटणीने अधिक ठरवले. आजचे पाहुणेही बहुतेक याच जुन्या वाटांनी येतात.

या मंडळ्यांची खरी वाढ झाली ती दुष्काळात. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड आणि मध्य प्रांत होरपळून निघाले. आईबाप गमावलेली मुले मिशनांच्या अनाथाश्रमांत आली. तिथेच ती शिकली, सुतारकाम, शिवण किंवा परिचर्या यांपैकी काही हाती घेऊन मोठी झाली आणि पुढे त्यांचे विवाहही आपापसांत झाले. अनेक मंडळ्यांतील जुनी घराणी याच मुलांपासून सुरू होतात. भुकेच्या काळात झालेल्या धर्मांतरावर आक्षेप घेतला जातो आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. परंतु ज्या मुलांना दुसरे कोणी दारात उभे केले नाही, त्यांच्या वंशजांना या आक्षेपाने आपल्या आजी-आजोबांच्या श्रद्धेवर शंका घेतल्यासारखे वाटते, हेही तितकेच खरे आहे.

दवाखाने त्यानंतरच्या पिढीचे. वाशिमला ऑर्फा स्पायकर या अमेरिकी डॉक्टर बाईंनी नाझरीन या अमेरिकी पंथाच्या मिशनच्या वतीने १९३८ मध्ये उभे केलेले रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय, यवतमाळजवळचे उमरीचे मिशन रुग्णालय आणि अचलपूरजवळचे कोठाऱ्याचे कुष्ठरुग्णालय ही नावे आजही त्या त्या भागात सगळ्या धर्मांच्या लोकांना ठाऊक आहेत.

उपासनेला मराठी सूर मात्र परदेशी माणसांनी दिला नाही. तो दिला मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी. ते नागपुरात राहत असताना राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची भजने खेड्यातील मंडळ्यांत पेटी, ढोलकी आणि झांजांच्या साथीने अजून म्हटली जातात. हंगामाच्या सणाला ज्वारीची कणसे, तुरी, कोहळे, एखादी कोंबडी वेदीपुढे येते, उपासनेनंतर त्याच वस्तूंचा लिलाव होतो, आणि मंडळीच्या खर्चाला त्या पैशाचा हातभार लागतो.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. तेथील सरकारने १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरींच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली, आणि धर्मांतर हाच मुख्य उद्देश असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस तिच्या १९५६ च्या अहवालाने केली. त्याच वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेला, म्हणून मध्य प्रदेशाचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा इथे लागू झाला नाही. तरीही परदेशी मिशनऱ्यांची संख्या ओसरत गेली आणि कारभार भारतीय पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्चांचे एकीकरण होऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. यवतमाळला १९५३ मध्ये निघालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला हलले. ग्रामीण विदर्भाच्या दृष्टीने ती मोठीच हानी होती, कारण शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला घराजवळ राहून पाळकाचे शिक्षण घेण्याची सोय त्याबरोबर गेली.

आजच्या भेटींना याच इतिहासाची आणि त्याबरोबर आलेल्या कायद्याची चौकट आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला उपासनेला हजर राहता येते, पण प्रवचन करता येत नाही आणि धार्मिक पत्रके वाटता येत नाहीत. मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा लागतो. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला केंद्राकडे नोंदणी करावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा होते आणि एका संस्थेने दुसरीला पुढे देणे बंद झाले आहे. पूर्वी मोठी संस्था रक्कम घेऊन तिचा काही भाग तालुक्याच्या लहान संस्थेला पोचवीत असे. ती साखळी तुटल्यामुळे स्वतःची नोंदणी नसलेल्या खेड्यातील मंडळीला पाहुण्यांची भेट मिळते, परंतु छपराच्या पत्र्यांचा किंवा पाळकाच्या मानधनाचा पैसा तिला रविवारच्या अर्पणातून आणि हंगामाच्या लिलावातूनच उभा करावा लागतो.