दोन तुकड्यांत निघणारी विंचेस्टर : प्रतिकृती निवडण्याआधीचा इतिहास

‘प्रतिकृती’ म्हटलं की आपल्याला भिंतीवर टांगायची, न उडणारी बंदूक आठवते. इटलीत किंवा जपानमध्ये आज बनणारी विंचेस्टर 1892 (अमेरिकी विंचेस्टर कंपनीचं 1892 सालचं मॉडेल) मात्र खरी रायफल असते. नक्कल असते ती आराखड्याची. भारतात तिला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागेल. ही रायफल निवडताना कंपनी कोणती हे नंतर पाहावं, आधी आराखडा कुठल्या सालचा ते विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीत दर बाराला दारू आणि गोळी तोंडातून ठासावी लागते. बेंजामिन टायलर हेन्रीने 1860 मध्ये पेटंट घेतलेल्या रायफलीत 16 काडतुसं नळीखालच्या मॅगझिनमध्ये रांगेने बसत. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामं टरफल बाहेर पडे आणि घोडा मागे जाई. कडी वर घेतली की नवं काडतूस आत. मॅगझिनला खालून लांब फट होती, तिच्यातून माती शिरायची. विंचेस्टरच्या 1866 च्या मॉडेलात काडतुसं भरायचं झाकण बाजूला आलं. 1873 च्या मॉडेलासोबत .44-40 नावाचं काडतूस आलं आणि 1878 पासून कोल्टचं रिव्हॉल्व्हरही त्याच काडतुसाचं मिळू लागलं. कमरेच्या एका पट्ट्यावर दोन्ही हत्यारं चालू लागली.

या तिन्ही रायफलींचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा पोलादी तुकडा, मागे सरकू नये म्हणून आत गुडघ्यासारखा सांधा होता. अमेरिकी सैन्याच्या .45-70 सारख्या लांब, जोरकस काडतुसाला ही रचना पुरली नाही. 1883 मध्ये विंचेस्टरचे टी. जी. बेनेट युटामधल्या ऑग्डेनला बंदुकांचे आराखडे करणाऱ्या जॉन ब्राउनिंगकडे गेले, आणि तिथून सगळं बदललं. ब्राउनिंगने गुडघ्याऐवजी बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभ्या सरकणाऱ्या पोलादी पट्ट्या दिल्या. त्यातून 1886 ची दणकट रायफल झाली. तिचंच आटोपशीर रूप 1892 चं. हे काम ‘तीस दिवसांत देतो, नाही जमलं तर फुकट’ अशा बोलीवर त्याने घेतलं आणि पाळलं, असं सांगतात. दहा लाखांवर 1892 विकल्या गेल्या.

टेकडाउन, म्हणजे दोन तुकड्यांत निघणारी जात, 1890 च्या दशकातली. शिकारी आगगाडीने दूर जाऊ लागले होते. 24 इंची नळीची रायफल मीटरभराहून लांब भरते, ती ट्रंकेत मावेना. मॅगझिनच्या पुढच्या टोकाला एक छोटा दांडा दडवलेला असतो. तो उभा करून मॅगझिन काही फेरे उलटं फिरवायचं, थोडं पुढे ओढायचं, कडी उघडायची आणि नळी पाव फेरा वळवायची. नळीचे आटे सलग नसतात, मधे तोडलेले असतात. त्यामुळे एवढ्यानेच ती अलगद हातात येते. पण जोडणी-सोडणीने आटे झिजतात. अखंड रायफलीत हा प्रश्नच नव्हता.

मूळ 1892 चं उत्पादन 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं. 1961 ते 1965 या काळात अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी आली आणि जुन्या हत्यारांच्या नकलांना बाजार मिळाला. तो उचलला ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल त्रोंपियाने. या खोऱ्यात बंदुकीच्या नळ्या शतकानुशतकं बनत आल्या आहेत. व्हेनिसच्या शस्त्रागाराला 185 नळ्या पुरवल्याची इथल्या बेरेटा या बंदूककार घराण्याची नोंद 1526 ची आहे. इथल्याच उबेर्ती कंपनीने (स्थापना 1959) 1866 आणि 1873 च्या प्रतिकृती नावारूपाला आणल्या. क्याप्पा या इटालियन कंपनीने 1892 आणि 1886 दोन तुकड्यांतही दिल्या. जपानच्या कोचीतली मिरोकू कंपनी विंचेस्टरच्या नावाने 1892 बनवते; तिच्या दस्त्याच्या मानेवर सुरक्षा-खटका असतो, जो ब्राउनिंगने दिलेला नव्हता. त्या खटक्यामुळे जुन्या रूपाचा रसभंग होतो, पण घोटीव काम पाहिलं की मी तो माफ करतो.

काडतुसातही इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकात विंचेस्टरने .45 कोल्ट काडतुसाची एकही लिव्हर (कडीची) रायफल बनवली नाही. आज तीच सर्रास मिळते. .44 मॅग्नम हे काडतूस तर 1950 च्या दशकातलं. जोरकस काडतूस हवं असेल तर 1892 च्या उभ्या पट्ट्यांचा आराखडा घ्यावा. 1873 चा गुडघा पाहायला सुंदर आहे, पण तो .44-40 च्या दाबासाठी रचलेला होता.

टेकडाउन हातात घेतल्यावर एक हात नळीला, एक दस्त्याला धरून हलकेच पिळावं. सांध्यात किंचितही खेळ जाणवता कामा नये. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच दोन्ही नळीवरच असतील, तर सोडून पुन्हा जोडल्यावरही त्यांची आपसातली रेष मोडत नाही. मागची खाच दस्त्याच्या मानेवर बसवली असेल, तर नेम दोन तुकड्यांत विभागला जातो आणि सांध्याची झीज थेट लक्ष्यावर दिसते.