गांधीहत्येवरील लोकप्रतिक्रिया आणि अठ्ठेचाळीसची जाळपोळ

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींचा खून झाला. त्यानंतर भारतात, पाकिस्तानात आणि जगभर शोक, संताप, हिंसा आणि काही ठिकाणी आनंदही व्यक्त झाला. महाराष्ट्रात संतापाचा रोख ब्राह्मणांच्या घरादारांकडे वळला. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात हा प्रकार 'अठ्ठेचाळीसची जाळपोळ' या नावाने राहिला. खुनी कोण, हे कळल्यामुळे दिल्लीत मोठा रक्तपात टळला आणि तेच कळल्यामुळे महाराष्ट्रात घरे पेटली. या प्रतिक्रियांचा अभ्यास करताना ही गोष्ट मध्यभागी ठेवावी लागते.

पार्श्वभूमी : मृत्यूच्या वेळी गांधी सर्वमान्य नव्हते. फाळणीत घरदार गमावलेले लाखो निर्वासित दिल्लीत उघड्यावर थंडीत दिवस काढत होते आणि त्यांतल्या अनेकांना गांधी मुसलमानांचीच बाजू घेतात असे वाटत होते. १३ जानेवारीला त्यांनी हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी उपोषण सुरू केले. पाकिस्तानच्या वाट्याचे अडवून ठेवलेले ५५ कोटी रुपये देण्याचा निर्णय सरकारने त्याच दिवसांत घेतला आणि दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या. उपोषण चालू असताना बिर्ला भवनाबाहेर 'गांधी को मरने दो' अशा घोषणा झाल्या. त्या ऐकून नेहरू मोटारीतून उतरून घोषणा देणाऱ्यांवर धावून गेले होते. १८ तारखेला उपोषण सुटले आणि २० तारखेला मदनलाल पाहवा या निर्वासित तरुणाने प्रार्थनासभेच्या जागी स्फोट घडवला. पुण्यातला विरोध तर त्याहून जुना. अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यात २५ जून १९३४ रोजी गांधी पुण्यात आले असताना त्यांच्या ताफ्यातल्या मोटारीवर बाँब टाकण्यात आला होता. राष्ट्रपिता म्हणून भिंतीवर टांगलेल्या तसबिरीत हा वाद दिसत नाही. पण तो लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या प्रतिक्रियांचा अर्थ लागत नाही.

पहिले काही तास : संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास प्रार्थनेला जाताना गांधींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. बातमी पसरताच पहिला प्रश्न उठला तो खुनी मुसलमान आहे का, हा. बिर्ला भवनात पोहोचलेल्या माउंटबॅटन यांच्यासमोर गर्दीतला एकजण 'मुसलमानाने मारले' असे ओरडला, तेव्हा खात्री नसतानाही त्यांनी 'तो हिंदू होता' असे त्याला ठणकावले. आकाशवाणीने सहाच्या सुमारास बातमी देताना खुनी हिंदू असल्याचे मुद्दाम सांगितले. फाळणीच्या दंगलींना सहा महिनेही झाले नव्हते, त्यामुळे त्या एका वाक्याने किती जीव वाचवले असतील याची कल्पना करता येते. रात्री नेहरू आणि पटेल दोघेही रेडिओवर बोलले. आपल्या जीवनातला प्रकाश गेला, हे नेहरूंचे शब्द देशभर पोहोचले. पटेलांनी सूड न घेण्याचे आवाहन केले. या दोघांमधले मतभेद त्या वेळी विकोपाला गेले होते आणि पटेल हे गांधींना भेटलेल्या शेवटच्या लोकांपैकी होते. खुनानंतरच्या आठवड्यात दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पाहिली, तर या मृत्यूने मंत्रिमंडळ फुटण्यापासून वाचवले असे म्हणावे लागते.

दुसऱ्या दिवशी बिर्ला भवनापासून राजघाटापर्यंत अंत्ययात्रा निघाली. जवानांनी दोरांनी ओढलेल्या लष्करी गाडीवर पार्थिव होते. रस्त्यात, झाडांवर, दिव्यांच्या खांबांवर माणसे होती. अहिंसेच्या पुजाऱ्याला लष्करी इतमामाने निरोप द्यावा का, यावर तेव्हाही हळहळ व्यक्त झाली. १२ फेब्रुवारीला प्रयागच्या संगमावर अस्थिविसर्जन झाले. रक्षेचे कलश देशभर गेले. पुण्यात आगाखान पॅलेसच्या आवारात, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांजवळ, त्यातला अंश आजही आहे.

देशाबाहेरच्या प्रतिक्रियांपैकी दोन इथे नोंदवाव्यात. जिनांनी शोकसंदेशात गांधींना हिंदू समाजाने घडवलेल्या थोर पुरुषांपैकी एक म्हटले. त्या शब्दांतली मर्यादा भारतात अनेकांना खटकली. फार चांगले असणे किती धोक्याचे असते हे यातून दिसते, असे बर्नार्ड शॉ म्हणाले.

आनंद आणि बंदी : काही ठिकाणी पेढे वाटले गेल्याचे त्या काळच्या अनेक आठवणींत येते. याचा वजनदार लेखी पुरावा म्हणजे सरदार पटेलांनी ११ सप्टेंबर १९४८ रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रमुख गोळवलकर गुरुजी यांना लिहिलेले पत्र. गांधींच्या मृत्यूनंतर संघाच्या लोकांनी आनंद व्यक्त केला आणि मिठाई वाटली, असे गृहमंत्र्यांनी त्यात स्पष्ट लिहिले आहे. दुसरीकडे, गोळवलकरांनी खुनाचा निषेध करणाऱ्या तारा पाठवल्या होत्या आणि तेरा दिवस शाखा बंद ठेवण्यास सांगितले होते. या दोन्ही गोष्टी नोंदलेल्या आहेत आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी संघावर बंदी आली. ती जुलै १९४९ मध्ये उठली. हिंदुमहासभेवर लोकक्षोभ इतका होता की त्या पक्षाने काही काळ राजकीय काम थांबवण्याचा निर्णय घेतला.

महाराष्ट्रातील जाळपोळ : खुनी पुण्याचा, 'हिंदु राष्ट्र' या दैनिकाचा संपादक नथुराम विनायक गोडसे असल्याचे कळले आणि महाराष्ट्रातले वातावरण बदलले. मुंबईत हल्ले सुरू झाले. ३१ जानेवारीला जमाव शिवाजी पार्कजवळच्या सावरकर सदनावर चालून गेला. सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव सावरकर जमावाच्या दगडफेकीत गंभीर जखमी झाले. त्यातून ते पुरते सावरले नाहीत आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये वारले. पुण्यात हिंदुत्ववादी मंडळींची घरे, दुकाने आणि छापखाने लक्ष्य झाले. नागपुरातही संघाशी संबंधित जागांवर हल्ले झाले. इथवरचा राग निदान एका राजकीय गटावर होता.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागांत त्याचे रूप पालटले. तिथे कोणी कुठल्या पक्षाचे आहे हे पाहिले गेले नाही, आडनाव पाहिले गेले. गोडसे कोकणस्थ होता, पण घरे देशस्थांचीही जळली. काँग्रेसमध्ये काम केलेल्यांची, खादी वापरणाऱ्यांचीही जळली. आठवणींमधून दिसणारा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. आदल्या दिवशी शेजारच्या गावातून बातमी येते. मग जमाव येतो; त्यात बरेचसे चेहरे परगावचे असतात आणि वाडा दाखवणारा मात्र गावातला असतो. घरातल्या माणसांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढले जाते, रॉकेल ओतले जाते आणि माळवदाचा, सागवानी तुळयांचा वाडा पेटतो. धान्य, भांडीकुंडी, पोथ्या, जमिनीचे कागद, गहाणखते, सावकारीच्या वह्या असे सगळे एकाच आगीत जाते. जीवितहानीपेक्षा जाळपोळ फार मोठी होती, हे सर्व कथनांत समान आहे; मात्र माणसेही मारली गेली. मृतांचा सर्वमान्य आकडा कधीच पुढे आला नाही.

कोल्हापूर तेव्हा संस्थान होते आणि तिथले राजकारण आधीच तापलेले होते. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जमावाने जाळला. मराठी चित्रपटाच्या इतिहासातले ते मोठे नुकसान आहे. कर्जबाजारी होऊन भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला.

हा राग एका संध्याकाळी जन्मलेला नव्हता. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ मधली. १९२० च्या दशकात पुण्यात जेधे-जवळकरांनी ब्राह्मणेतर चळवळ आक्रमक केली. खेड्यात कुलकर्णीपणाचे वतन, सावकारी आणि कुळांकडून कसून घेतलेली जमीन या तिन्ही गोष्टी अनेकदा एकाच वाड्यात असत. दप्तर कुलकर्ण्याकडे, कर्ज सावकाराकडे आणि राबणे कुळाकडे, ही अवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. १९४२ नंतर सातारा भागात प्रतिसरकारने (ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारने) सावकार आणि पाटील-कुलकर्ण्यांचा दरारा मोडून दाखवला होता. यावरून जाळपोळीची कारणे कळतात, पण तिचे समर्थन होत नाही. ज्यांची घरे जळली त्यांत एक-दोन एकरांवर आणि भिक्षुकीवर गुजराण करणारीही कुटुंबे होती. गांधींचे नाव घेऊन हे झाले, ही त्यातली सर्वांत वेदनादायक बाब.

खुन्याची जात म्हणजे गुन्ह्याची जात, हा हिशेब किती पोकळ होता हे त्या वेळच्या महाराष्ट्राकडे पाहिले तरी दिसते. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, काँग्रेसचे शंकरराव देव, केंद्रात मंत्री असलेले काकासाहेब गाडगीळ, विनोबा, साने गुरुजी हे सगळे ब्राह्मण होते आणि गांधींच्या बाजूचे होते. तसेच जळत्या गावांत ब्राह्मण कुटुंबांना आपल्या घरात, मळ्यात, गोठ्यात दडवून ठेवणारे शेजारी मराठा, मुसलमान, दलित अशा सर्व समाजांतले होते. जाळणाऱ्यांइतकीच ही माणसेही त्या दिवसांच्या प्रतिक्रियेचा भाग आहेत आणि कौटुंबिक आठवणींत त्यांचा उल्लेख कृतज्ञतेने येतो.

विचारवंतांची प्रतिक्रिया : साने गुरुजींनी हे पाप आपलेही मानले आणि प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला गांधींचे सहकारी जमले, तेव्हा आपण ज्या प्रांताचे आणि ज्या जातीचे आहोत, त्यातूनच हा विचार निघाला, असे विनोबांनी सर्वांसमोर सांगितले. जबाबदारी घेण्याची ही रीत जमावाच्या रीतीच्या नेमकी उलट आहे. आपल्या समाजाचा दोष स्वतःच्या अंगावर घेणे आणि दुसऱ्याच्या समाजावर तो टाकणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

डॉ. आंबेडकरांची प्रतिक्रिया वेगळी आणि प्रामाणिक होती. ते अंत्ययात्रेत काही अंतर चालले. नंतर डॉ. शारदा कबीर (पुढे सविता आंबेडकर) यांना लिहिलेल्या खासगी पत्रात त्यांनी लिहिले की थोर पुरुष देशाची मोठी सेवा करतात, पण काही वेळा ते देशाच्या वाटेत अडसरही होतात. महाराष्ट्रीय माणसाच्या हातून हे घडायला नको होते, हेही त्यांनी मान्य केले. खून निंद्य मानायचा आणि तरी मृत व्यक्तीबद्दलचे मतभेद सोडायचे नाहीत, हे शोकाच्या त्या लाटेत फार थोड्यांना जमले.

खटला आणि प्रेक्षक : लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्याचा निकाल १० फेब्रुवारी १९४९ रोजी लागला. सावरकर निर्दोष सुटले. गोडसे आणि नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याला फाशी झाली. सिमल्यात अपील ऐकणारे न्यायमूर्ती गो. दा. खोसला यांनी एक नोंद केली आहे. गोडसेचे भाषण संपले तेव्हा न्यायालयातल्या अनेक स्त्रिया रडत होत्या. त्या दिवशीच्या श्रोत्यांनाच ज्यूरी केले असते, तर त्यांनी प्रचंड बहुमताने त्याला निर्दोष ठरवले असते, असे त्यांना वाटले. देश शोकात बुडाला होता हे जितके खरे, तितकेच हेही. याच्या समोर ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे गांधींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी फाशी रद्द करण्यासाठी केलेली विनंती. ती मान्य झाली नाही.

नंतरचे पडसाद : ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा सुटले. नोव्हेंबरमध्ये पुण्यात त्यांच्यासाठी सत्यविनायकाची पूजा आणि सत्कार झाला. टिळकांचे नातू आणि 'केसरी'चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी तिथे सांगितले की खुनाच्या बेताची माहिती आपल्याला आधीच होती आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत ती मुख्यमंत्री खेर यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न झाला होता. यावर विधिमंडळात आणि संसदेत गदारोळ उठला. त्यातून आधी पाठक आणि मग न्या. जीवनलाल कपूर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. २० जानेवारीच्या स्फोटानंतर हाती आलेले धागे पोलिसांनी नीट पकडले नाहीत, हे आयोगाच्या १९६९ च्या अहवालात तपशिलाने आले आहे. खुनाला सोळा वर्षे झाल्यावरही एका सत्कारामुळे देश ढवळून निघाला, इतकी ही जखम ओली होती. १९९८ मध्ये गोडसेची बाजू मांडणाऱ्या एका मराठी नाटकाचे प्रयोग सरकारने थांबवले, तेव्हाही दोन्ही बाजूंनी तितक्याच त्वेषाने वाद झाला.

जाळपोळीचे परिणाम महाराष्ट्राच्या समाजरचनेवर झाले. सरकारने जळीतग्रस्तांना घरे बांधायला कर्जे दिली, पण बरीच कुटुंबे गावी परतली नाहीत. पुणे, सांगली, मुंबई इथल्या पेठांत आणि चाळींत त्यांनी बिऱ्हाडे मांडली आणि मुलांना शिक्षण-नोकरीच्या वाटेला लावले. डिसेंबर १९४८ मध्ये मुंबई कूळकायदा लागू झाला, पुढे कुलकर्णी वतने गेली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणारा जमिनीचा मालक झाला. त्यामुळे ब्राह्मणांनी खेडे सोडले ते जाळपोळीमुळे की कूळकायद्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही. आधीपासून शहराकडे चाललेला हा ओघ या दोन्हींनी वेगवान केला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

या प्रकरणावर मराठीत दीर्घकाळ फारसे लिहिले गेले नाही. ज्यांचे जळले त्यांनी गोडसेशी नाव जोडले जाईल या भीतीने मौन पाळले; ज्यांच्या गावांनी जाळले त्यांना ते आठवायचे नव्हते. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवर आहे. अमेरिकी अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी १९८० च्या दशकात १९४८ केंद्रस्थानी ठेवून चित्पावनांच्या (कोकणस्थ ब्राह्मणांच्या) बदलत्या स्थितीवर लेख लिहिला. संशोधनाच्या पातळीवर हा विषय उघडण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. त्यानंतर निघालेल्या गावोगावच्या आठवणी, कुलवृत्तान्तांमधल्या नोंदी आणि आत्मचरित्रांतली प्रकरणे ही आज या विषयाची मुख्य साधने आहेत. त्यांत जळीतग्रस्तांची बाजू भरपूर सापडते. जमावात सामील झालेल्यांची, तसेच आसरा देणाऱ्यांची कथने मात्र फार थोडी लिहून ठेवली गेली आहेत.