खाडीकाठचं जंगल उपग्रहाच्या चित्रात लाल का?

ठाण्याच्या खाडीवरच्या ऐरोली पुलावरून दिसणारी तिवरांची (खारफुटीची) झाडं चांगली हिरवीगार. उपग्रहाच्या चित्रात मात्र तीच लालभडक. चूक कुणाचीच नाही. पानं डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतात आणि चित्रात त्याला लाल रंग द्यायचा रिवाज पडला आहे.

१९१० साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी अवरक्त प्रकाशात टिपलेले फोटो प्रसिद्ध केले. आकाश काळं, झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी! श्रेय हरितद्रव्याला द्यावंसं वाटतं, पण ते या प्रकाशाच्या वाटेत येतच नाही. ते गिळतं मुख्यतः लाल आणि निळा. अवरक्त प्रकाश उधळला जातो तो पानातल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांमुळे. निरोगी पान त्यातला साधारण निम्मा परत फेकतं.

दुसऱ्या महायुद्धात याचा उपयोग लष्कराने केला: हिरव्या रंगाने लपवलेली सामग्री खऱ्या झाडीतून वेगळी ओळखू येई. भारतात १९७० मध्ये शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांनी केरळातले रोगट माड अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर हवेतून टिपले. आपल्याकडच्या सुदूर संवेदनाची, म्हणजे दुरून जमीन न्याहाळण्याच्या तंत्राची, सुरुवात नारळापासून झाली, हे मला फार आवडतं. १९७२ मध्ये जमिनीची चित्रं घेणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह आणि १७ मार्च १९८८ रोजी त्याच कामाचा आपला आयआरएस-१ए अवकाशात गेला. अवरक्त वजा लाल, भागिले दोन्हींची बेरीज, हा हिरवाईचा निर्देशांक लँडसॅटच्याच पहिल्या वर्षांतला.

खरी गुंतागुंत पुढेच आहे, कारण उपग्रहाला सुटं पान दिसत नाही. दिसतो तो पानांचा, फांद्यांचा, सावल्यांचा आणि खालच्या जमिनीचा एकत्रित उजेड. सूर्य उपग्रहाच्या बरोबर पाठीशी असेल तर सावल्या पानांमागे दडतात आणि तेच जंगल एकदम उजळ दिसतं. विमानातून झाडीवर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती दिसणारं तेजोवलय म्हणजे हाच प्रकार. ठाण्याच्या खाडीत त्यात भरती-ओहोटीची भर. विरळ तिवरांखाली पाणी शिरलं की ते अवरक्त प्रकाश पिऊन टाकतं, चित्रातला लाल काळपट होतो, आणि झाडाचं एक पानही गळलेलं नसताना निर्देशांक उतरतो. दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवून ‘बघा, तिवरं मेली’ म्हणणाऱ्यांना मी आधी तारीख आणि भरतीची वेळ विचारतो.

ठाण्याजवळच्याच येऊरच्या डोंगराचं गणित वेगळं. तिथे बरीचशी झाडं पानगळीची, म्हणून एप्रिलच्या चित्रात डोंगर फिकट तपकिरी पडतो आणि गडद लाल पट्टा उरतो तो खाडीच्या कडेने.