पार्श्वभूमी : मृत्यू ठरवताना मस्तिष्कस्तंभच का?

२०१५ पासून इंदूरला ग्रीन कॉरिडॉरचे, म्हणजे मेंदूमृत रुग्णाचे दान केलेले अवयव वेळेत पोहोचावेत म्हणून मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याचे, अप्रूप उरलेले नाही. चौक अडवले जातात, रुग्णवाहिका विमानतळ गाठते आणि दुसऱ्या दिवशी कुटुंबाचे कौतुक छापून येते. आदल्या रात्री आयसीयूबाहेर विचारलेला प्रश्न मात्र बातमीत नसतो : "अंग गरम आहे, छाती वरखाली होतेय, ठोके दिसताहेत. मग माणूस गेला असं कशावरून म्हणता?" हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. त्यावर वैद्यकशास्त्र निम्मे शतक वाद घालत आले आहे.

हृदयाचा ठोका हृदयातच उगम पावतो. ऑक्सिजन मिळतो आहे तोवर ते मेंदूवाचूनही धडधडते. श्वासाला मात्र लंबमज्जेची, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या भागाची, आज्ञा लागते. लंबमज्जा, तिच्यावरचा सेतू आणि त्यावरचा मध्यमस्तिष्क मिळून मस्तिष्कस्तंभ होतो. तो जेमतेम अंगठ्याएवढा असतो, पण आपल्याला जागे ठेवणारे चेतांचे जाळेही त्याच्यातच असते. तो कायमचा निकामी झाला की शुद्ध परत येत नाही आणि आपणहून श्वासही सुरू होत नाही. हातापायांना कधी झटका येतो, कारण ती प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूच्या पातळीवर परस्पर घडते. नातेवाइकांचा धीर सुटतो तो बहुधा हे पाहूनच. म्हणून डॉक्टरांनी त्याची कल्पना आधीच द्यायला हवी.

पूर्वी श्वास थांबला की काही मिनिटांत हृदयही थांबे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. तेव्हा विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने फुगे दाबून रुग्णांच्या श्वासनळीत हवा भरली आणि कृत्रिम श्वसनाचे युग सुरू झाले. १९५९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी कोमाच्याही पलीकडची अवस्था नोंदवली. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण झाले आणि पुढच्याच वर्षी बोस्टनमधल्या एका समितीने मेंदूवरून मृत्यू ठरवण्याचे निकष मांडले. समितीने कारणे दोन दिली : अशा रुग्णांमुळे कुटुंबावर व रुग्णालयावर पडणारा भार आणि अवयव मिळवताना उद्भवणारे वाद. दुसऱ्या कारणामुळे ‘अवयवांसाठी व्याख्या बदलली’ असा संशय जन्मला. तो आजही आपल्या वॉर्डांत भेटतो.

पुढे वाटा फुटल्या. ब्रिटनने १९७६ मध्ये मस्तिष्कस्तंभावर बोट ठेवले. अमेरिकेत १९८१ च्या नमुना कायद्याने मस्तिष्कस्तंभासह संपूर्ण मेंदूचे सर्व कार्य थांबले पाहिजे असे म्हटले. ऐकायला अमेरिकी व्याख्या अधिक भक्कम वाटते. प्रत्यक्षात अशा कित्येक रुग्णांत मेंदूच्या तळाशी असलेले अधश्चेतक लघवीचे प्रमाण राखणारे संप्रेरक सोडतच राहते. मग ‘सर्व कार्य’ थांबले कुठे? २०२३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी संप्रेरकांचे कार्य चालू असले तरी मेंदूमृत्यू ठरवता येतो असे म्हटले, पण कायद्याचे शब्द तेच राहिले.

भारताने १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात ब्रिटिश वाट धरली. माझ्या मते ही निवड योग्यच होती. तपासणी खाटेशेजारी होते : डोळ्यात टॉर्चचा झोत, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात थंडगार पाणी, घशात व श्वासनळीत नळी लावून ठसका येतो का ते पाहणे. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून नळीतून नुसता ऑक्सिजन देतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपर्यंत चढू देतात. लंबमज्जेत धुगधुगी असेल तर छाती हललीच पाहिजे. औषधांची गुंगी किंवा शरीर थंड पडणे ही कारणे आधीच बाजूला काढलेली असतात. चार डॉक्टर ही तपासणी करतात आणि प्रौढांत किमान ६ तासांनी ती पुन्हा होते. न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन नसेल तर काही अन्य तज्ज्ञ चालतील, ही सोय २०११ च्या दुरुस्तीने केली. लहान शहरांना तिचा मोठा आधार आहे.

चूक झाली ती दुसरीकडे. मृत्यूची ही व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात बसवली गेली. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मात्र जुन्याच शब्दांत राहिला आणि त्यात मेंदूचा उल्लेखही नाही. कुटुंब दानाला ‘हो’ म्हणाले तर हा माणूस मृत, ‘नाही’ म्हणाले तर त्याच खाटेवर व्हेंटिलेटर चालूच, बिल चढतेच आणि तो काढायला डॉक्टर धजत नाहीत. संशयाला याहून मोठे खतपाणी कोणते? दान विचारण्याआधी मृत्यू ठरलेला असला पाहिजे आणि नकार मिळाला तरी तो निर्णय बदलता कामा नये. केरळने २०२० मध्ये हीच गाठ सोडवली : मस्तिष्कस्तंभ-मृत्यू प्रमाणित झाला की कुटुंबाने अवयव दिले वा न दिले, तरी यंत्रणा काढून घेता येईल अशा मार्गदर्शक सूचना तिथल्या सरकारने काढल्या.