दिव्यांग प्रमाणपत्रापासून निराधारच्या पगारापर्यंत : कोणते काम कोणत्या दारात

संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पैशाला मराठवाड्यात सगळे 'निराधारचा पगार' म्हणतात. दिव्यांग व्यक्तीचा हा पगार दोन खात्यांच्या हातात आहे, आणि बहुतेक हेलपाटे हे न कळल्यामुळे पडतात. दिव्यांगत्व किती टक्के, हे आरोग्य यंत्रणा ठरवते. पगार मंजूर करायचा की नाही, हे तहसील कार्यालय ठरवते. सिव्हिलमधल्या डॉक्टरांना तुमच्या उत्पन्नाशी कर्तव्य नसते आणि तहसीलच्या टेबलावर टक्केवारी वाढवून मिळत नाही. म्हणून आधी प्रमाणपत्र, मग निराधारचा अर्ज, हा क्रम सोडू नका.

आरोग्य यंत्रणेतही एकच मालक नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. तिथला प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकाच्या म्हणजे सिव्हिल सर्जनच्या अखत्यारीत येते. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा नांदेडचे विष्णुपुरीचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाची देखरेख दोन परिमंडळांतून चालते: संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली हे एक; लातूर, धाराशिव, बीड, नांदेड हे दुसरे. प्रत्येकाला एक उपसंचालक असतो. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने लिहून दिलेला कागद उपचाराचा पुरावा म्हणून चालतो, दिव्यांग प्रमाणपत्र म्हणून नाही. तो अधिकार शासनाने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्यालाच आहे.

प्रमाणपत्राचा अर्ज

1 जून 2021 पासून प्रमाणपत्र केवळ केंद्राच्या 'स्वावलंबन' पोर्टलवरून निघते. हेच यूडीआयडी, म्हणजे वैश्विक ओळखपत्र. अर्ज घरच्या मोबाइलवरून भरता येतो, सेतूवरही भरून मिळतो. आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचा फोटो, सही किंवा अंगठ्याचा ठसा, पत्त्याचा पुरावा आणि असतील तेवढे जुने उपचाराचे कागद जवळ ठेवा.

घोळ होतो तो सुरुवातीच्याच एका प्रश्नावर: 'आपल्याकडे आधीचे दिव्यांग प्रमाणपत्र आहे का?' पूर्वी महाराष्ट्रात एसएडीएम या राज्याच्या जुन्या संगणक प्रणालीतून दिलेली प्रमाणपत्रे अजून अनेकांकडे आहेत. ते असेल तर 'होय' निवडून त्याचा क्रमांक, तारीख आणि स्पष्ट स्कॅन जोडायचा. सेतूवाल्याने घाईत 'नाही' दाबले, तर तुमची नोंद नव्या तपासणीच्या रांगेत जाते. नाव आधारवर जसे आहे तसेच, अक्षर न अक्षर लिहायचे. मोबाइल क्रमांक सेतूवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा देऊ नका. पुढचे सगळे निरोप आणि ओटीपी त्यावरच येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी घरात कायम चालू राहणारा क्रमांक द्यावा. अर्ज पूर्ण झाला की नोंदणी क्रमांकाची पावती निघते. तिचा फोटो काढून ठेवा. पुढे विचारपूस तिच्यावरच होते.

रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्यातले निवडायचे. नियमानुसार ज्या सरकारी रुग्णालयात उपचार सुरू आहेत किंवा झाले आहेत, तिथेही अर्ज करता येतो. कामासाठी पुण्यात असलेला आणि तिथल्या सरकारी रुग्णालयात उपचार घेतलेला माणूस त्यासाठी बीडला परत येण्याची गरज नाही.

तपासणीला ठरलेले वार असतात आणि प्रत्येक प्रकाराचा तज्ज्ञ त्या दिवशी असेलच असे नाही. निघण्याआधी फोन करून विचारा: अस्थिरोग, नेत्र, कान-नाक-घसा, मानसोपचार, यांपैकी आपला डॉक्टर कोणत्या वारी बसतो? मतिमंदत्वाच्या तपासणीत बुद्ध्यांक चाचणी लागते, आणि ती घेणारा मानसशास्त्रज्ञ आहे का, हेही विचारून घ्या. लहान मुलाच्या श्रवणदोषासाठी बेरा, म्हणजे यंत्राने ऐकू येण्याची तपासणी करणारी चाचणी लागते. हे यंत्र प्रत्येक तालुक्यात नसते, म्हणून मूल घेऊन जाण्याआधी खात्री करा.

टक्केवारी कशी निघते

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितही त्यात येतात. लाभ मात्र बहुतेक ठिकाणी 40 टक्क्यांपासून सुरू होतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठीक असेल, तर मार्गदर्शक सूचनांनुसार 30 टक्केच धरतात. अशा माणसाला 'तुमचे बसत नाही' म्हणून परत पाठवतात, आणि ते नियमाने बरोबरच असते.

पण त्याच माणसाला कमी ऐकू येत असेल, तर हिशेब बदलतो. दोन दोषांची सरळ बेरीज होत नाही. जास्तीच्या टक्केवारीत भर घालतात ती अशी: 90 मधून जास्तीची टक्केवारी वजा करा, जे उरेल त्याला कमीच्या टक्केवारीने गुणा आणि 90 ने भागा. 30 टक्के दृष्टिदोष आणि 20 टक्के श्रवणदोष असेल तर 60 गुणिले 20 म्हणजे 1200, भागिले 90, म्हणजे सुमारे 13. तीस आणि तेरा, त्रेचाळीस. माणूस पात्र ठरला. दोष एकापेक्षा जास्त असतील तर अर्जातच बहुविध दिव्यांगत्व नोंदवा आणि दोन्ही विभागांची तपासणी करून घ्या. एकाच दोषाची नोंद झाली की दुसरा कोणी आपणहून विचारत नाही.

कार्डावर पांढरी पट्टी असेल तर 40 टक्क्यांखाली, पिवळी म्हणजे 40 ते 79, निळी म्हणजे 80 आणि वर. प्रमाणपत्र कायमचे की ठरावीक मुदतीचे, हेही वाचा. उपचाराने सुधारणा शक्य असेल तर मुदतीचे देतात, आणि मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी लागते. पगार सुरू असताना मुदत उलटून गेली, की पगार थांबतो. खोटी माहिती देऊन लाभ घेणाऱ्याला याच कायद्याच्या कलम 91 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एजंट 'टक्के वाढवून देतो' म्हणाला, तरी कायद्याने अडकतो तो लाभार्थी.

टक्केवारी मान्य नसेल तर कलम 59 नुसार अपील आहे. ते ठरलेल्या मुदतीत करायचे. अपील करतानाच उपचाराचे सगळे रिपोर्ट क्रमाने लावून जोडा. दिव्यांग हक्कांच्या तक्रारींसाठी पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

तहसीलचा टप्पा

योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची आहे, राबवते महसूल खाते. 65 वर्षांखालील, किमान 15 वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी आणि किमान 40 टक्के दिव्यांग असलेली व्यक्ती पात्र ठरते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न इतर निराधारांसाठी 21,000 रुपयांपर्यंत, तर दिव्यांगांसाठी 50,000 पर्यंत चालते. फॉर्म भरून देणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा फरक माहीत नसतो आणि ते 21,000 च्याच दाखल्याचा आग्रह धरतात. 65 नंतर श्रावणबाळ योजना लागू होते. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून दरमहा 2,500 रुपये आहेत, इतर निराधारांना 1,500.

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्यायचा. सोबत वयाचा पुरावा (शाळेचा दाखला किंवा जन्माचा उतारा), रहिवासी दाखला, तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, रेशन कार्ड, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. ग्राम महसूल अधिकारी म्हणजे पूर्वीचे तलाठी चौकशी करतात. मग अर्ज तालुका समितीच्या बैठकीत मांडला जातो. तहसील कार्यालयाचा अधिकारी तिचा सचिव असतो. बैठक झाली नाही की मंजुरी नाही, म्हणून 'माझा अर्ज कोणत्या तारखेच्या बैठकीत आहे?' हा प्रश्न विचारा. 'साहेब, माझे काय झाले?' असे विचारले की 'बघू' एवढेच उत्तर मिळते.

अर्ज देताना पोहोच घ्या. ती नसेल तर अर्ज दिल्याचेच सिद्ध होत नाही. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. अनेकदा कारण दुरुस्त होण्यासारखे असते: उत्पन्न दाखल्याची मुदत संपलेली, रहिवासी दाखल्यात वर्षे नाहीत, आधारवर जन्मवर्ष वेगळे. तहसीलमध्ये दाद लागली नाही तर वर उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी कार्यालय आहे.

मंजुरीनंतर पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, पासबुकावर लिहिलेल्या खात्यातच येतील असे नाही. आधारला जे खाते शेवटी जोडले, त्यात ते जातात. घरी नातवाने शिबिरात नवे खाते उघडून दिले असेल, तर पगार तिकडे जमा होत असतो आणि आजी जुन्या पासबुकावर एंट्री मारून 'पैसेच आले नाहीत' म्हणत परत जाते. बँकेत जाऊन 'माझ्या आधारला सध्या कोणते खाते जोडले आहे?' एवढे विचारून घ्या आणि हवे ते जोडून घ्या. आधारवर मोबाइल क्रमांक आणि नाव बरोबर असल्याचीही खात्री करा.

दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. तोड संपायच्या आत तो मागितला गेला तर ऊसतोडीला गेलेल्यांचा पगार अडतो. गावात राहिलेल्या माणसाने शाखेत तारीख विचारून कळवावी. आणि ज्या महिलेला या योजनेतून दरमहा 1,500 किंवा जास्त मिळतात, तिने लाडकी बहीण योजनेसाठी अर्ज करू नये. लाडकी बहीणच्या अटींनुसार ती अपात्र ठरते.

प्रमाणपत्र हाती असेल तर दोन कामे त्याच आठवड्यात करून टाका. ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठी राखीव पाच टक्के निधीसाठी लेखी अर्ज द्या. आणि एसटीच्या 75 टक्के सवलतीसाठी आगारात चौकशी करा; 65 टक्क्यांपासून पुढे सोबतच्या व्यक्तीलाही 50 टक्के सवलत मिळते.