डोळ्यात घड आहे की बाळी?

सप्टेंबर उजाडला की दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांची काडी तपासणीसाठी धावपळ सुरू होते. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली असते आणि कात्री कितव्या डोळ्यावर, म्हणजे काडीवरच्या कोंब फुटण्याच्या जागेवर, मारायची ते ठरवायचं असतं. गेल्या वर्षी मामांबरोबर मीही गेलो होतो. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या टेबलावर ठेवल्या, तिथल्या मुलीने ब्लेडने एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि वहीत लिहीत गेली : तिसरा बाळी, चौथा बाळी, सबकेनच्या गाठीजवळचा घड. बाळी म्हणजे वेल आधाराला गुंडाळतो तो तंतू, त्याला द्राक्षं लागत नाहीत. सबकेन म्हणजे शेंडा खुडल्यावर फुटलेली पुढची काडी. मामांनी मलाही बघायला लावलं. मोहरीच्या दाण्याहून बारीक, पांढुरका फुगवटा. "हा बघ घड," ते म्हणाले. मला तो शेजारच्या बाळीसारखाच दिसला. हे मी अर्थातच बोललो नाही.

गंमत अशी, की माझी चूक अगदीच अडाणीपणाची नव्हती. एप्रिल छाटणीनंतर डोळ्याच्या आत जो कोंब आकार घेऊ लागतो, तो सुरुवातीला ना घड असतो ना बाळी. ऊन किती मिळालं, काडीत अन्नसाठा किती, कोणतं संजीवक, म्हणजे वाढीचं द्रव्य, वरचढ ठरलं, यावर त्याची वाट ठरते. वाण एकच, पेशीतला मजकूर, म्हणजे डीएनए, तोही एकच. फक्त त्यातली कोणती पानं उघडी राहिली आणि कोणती मिटली, एवढाच फरक.

माणसाच्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, हा याच जातीचा प्रकार. गर्भाच्या अगदी पहिल्या दिवसांतली पेशी पुढे हृदयाची होईल, मेंदूची होईल, नाहीतर कातडीची. एकदा वाट ठरली की मागे फिरणं नाही, असं बराच काळ मानलं जायचं. जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडकावरच्या प्रयोगांतून या समजुतीला धक्का दिला. पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक त्यांनी केंद्रक नसलेल्या अंड्यात बसवलं आणि त्यातून नवं पिल्लू वाढलं. मजकूर पुसला गेलेला नव्हता, पानं मिटली होती, एवढंच. पुढे २००६ साली क्योतो विद्यापीठातल्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशीत फक्त चार जनुकं घालून तिला पुन्हा मूळ अवस्थेत नेलं आणि २००७ साली माणसाच्या पेशीवरही तेच साधलं. बाळी होऊन बसलेल्या कोंबाला परत 'ना घड ना बाळी' करण्यासारखं हे काम. २०१२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

याचा रोग ओळखण्याशी काय संबंध? तो मला पुस्तकातून नाही, एका मित्राच्या फायलीतून कळला.

त्याचा धाकटा भाऊ गंगापूर रोडवर सायकल चालवताना बेशुद्ध पडला. ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं निघालं. म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पुन्हा विजेने सज्ज व्हायला जास्त वेळ घेतात, आणि त्या फटीत ठोका भरकटू शकतो. भावाला औषधं सुरू झाली. बहिणीचा ईसीजी मात्र काठावरचा, धड बरा नाही, धड वाईट नाही. म्हणून आधी भावाच्या जनुकांची तपासणी केली, दोष सापडला तर तोच तिच्यात शोधता येईल या हिशेबाने. रिपोर्टात पानंच्या पानं, आणि सगळ्याचं सार एका ओळीत : बदल सापडला, अर्थ अनिश्चित. "म्हणजे आहे की नाही?" मित्राने विचारलं.

ही ओळ लिहिते ती बायोइन्फर्मेटिक्सची शाखा, म्हणजे जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र यांची सोयरीक. समजा, तीस घरांतली एकाच वर्षाची पंचांगं फाडून चिंध्या एका पोत्यात भरल्या आणि आता त्यांतून एक अखंड पंचांग जुळवायचं आहे. आपल्या डीएनएत सुमारे ३२० कोटी अक्षरं. यंत्र ती साधारण दीडदीडशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचतं आणि संगणक प्रत्येक तुकडा एका नमुना प्रतीवर जागच्या जागी बसवतो. मग नमुन्याहून वेगळं काय ते शोधायचं. अशा वेगळ्या जागा कोणाही धडधाकट माणसात ४० ते ५० लाख निघतात! त्यातून एक गुन्हेगार हुडकायचा. पहिली चाळण सोपी वाटते : जो बदल पुष्कळ निरोगी लोकांतही आहे, तो दुर्मीळ रोगाचं कारण नसणार, टाका बाहेर.

पण 'पुष्कळ लोक' म्हणजे कोणते? कोणता बदल किती लोकांत आहे, हे सांगणाऱ्या जगातल्या नोंदवह्या बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांनी भरलेल्या आहेत. याचा फटका २०१६ साली अमेरिकेत उघड झाला. कृष्णवर्णीय लोकांत सर्रास आढळणारे काही निरुपद्रवी बदल हृदयस्नायूच्या आजाराचं कारण ठरवले गेले होते, कारण तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत त्यांच्यासारखी माणसं पुरेशी नव्हतीच. आपल्याकडचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. हृदयस्नायूच्या एका जनुकातून २५ अक्षरं गळालेली असण्याचा प्रकार भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, आणि त्यांना उतारवयात हृदय कमकुवत होण्याचा धोका जास्त असतो, असं २००९ साली दिसून आलं. म्हणजे 'सर्रास आहे, टाका बाहेर' हा नियमही डोळे मिटून लावता येत नाही. देशभरातल्या १०,००० लोकांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचणारा जीनोम इंडिया प्रकल्प मला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली.

तरीही नोंदवही अंदाजच देते. मामांचा थॉमसन या द्राक्षाच्या वाणाचा अनुभव तीस वर्षांचा. कुठल्या डोळ्यात घड असेल हे ते काडीची जाडी बघून सांगतात आणि बहुधा बरोबर सांगतात. तरी डोळा चिरून बघायला जातातच ना! माणसाचं हृदय असं चिरून बघता येत नाही. इथे यामानाकांची युक्ती कामी येते. रुग्णाचं थोडं रक्त किंवा त्वचेचा कण घ्यायचा, त्यातल्या पेशी मूळ अवस्थेत न्यायच्या आणि मग त्यांना हृदयाच्या वाटेने पाठवायचं. वाट धरल्यावर दोनेक आठवड्यांत बशीतला पेशींचा थर आपोआप धडधडू लागतो. तो त्याच माणसाचा असतो, त्याच्या सगळ्या ४०-५० लाख वेगळेपणांसकट. म्युनिकच्या संशोधकांनी २०१० साली लांब क्यूटी असलेल्या एकाच घरातल्या दोघांच्या त्वचेपासून अशा पेशी बनवल्या, आणि ईसीजीतला दोष बशीतही उतरला : विद्युत लहर लांबलेलीच निघाली.

खरी कसोटी त्यापुढची. क्रिस्पर नावाच्या जनुकीय कात्रीने संशयित अक्षर तेवढं दुरुस्त करायचं, बाकी काही हलवायचं नाही. दोष गेला, तर अक्षर दोषी. स्टॅनफर्डमध्ये २०१८ साली एका निरोगी व्यक्तीतला असाच 'अर्थ अनिश्चित' बदल तपासला. त्यात त्या व्यक्तीच्या पेशी दुरुस्त केलेल्या पेशींइतक्याच ठणठणीत निघाल्या, आणि बदल निरुपद्रवी ठरला.

हे उद्या आपल्या कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मिळेल, असं मात्र समजू नका. एका रुग्णाच्या पेशी तयार करून तपासायला महिने जातात, खर्च दांडगा, आणि बशीतल्या हृदयपेशी प्रौढ माणसाच्या नसतात, गर्भातल्यासारख्या कोवळ्या असतात. शिवाय प्रत्येक आजाराला हे लागतही नाही. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं दोषी अक्षर कधीचंच माहीत आहे. तिथे स्वस्त रक्तचाचणी वेळेवर पाड्यापर्यंत पोचणं जास्त गरजेचं. आणि 'स्टेम सेलने गुडघे बरे करू' असं सांगणाऱ्या जाहिरातींशी या सगळ्याचा काडीचाही संबंध नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांतलं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी वापर चाचण्यांपुरताच.

मित्राला मी दोन गोष्टी सांगितल्या. आईवडिलांची त्याच एका अक्षरासाठी तपासणी करून घे, दोघांचे ईसीजीही काढ, म्हणजे बदल कुणाकडून आला आणि ईसीजीतला दोष त्याच्याबरोबर चालतो का ते कळेल. आणि लॅबला वर्षा-दोन वर्षांनी तीच माहिती नव्या नोंदींशी पुन्हा ताडून बघायला सांग. रक्त परत द्यावं लागत नाही. 'अनिश्चित' शेरे बदलतात, ते असेच.

त्याने फायलीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पुढच्या सप्टेंबरची तारीख लिहून ठेवली. बहिणीचा दुसरा ईसीजी येत्या सोमवारी आहे.